थिजलेला साबण आणि हवेची काच

मागच्या भागात आपण गटाच्या दप्तराबद्दल बोललो होतो. आज बोलायचं आहे एका ड्रमबद्दल. पन्नास लिटरचा निळा प्लास्टिकचा ड्रम, आणि त्यात एका रात्रीत थिजलेला साबण.

सेलू तालुक्यातल्या आमच्या एका गटाने गेल्या उन्हाळ्यात भांडी घासायचा लिक्विड साबण करायला घेतला. कपड्याची पावडर तो गट आधीपासून करत होता. लग्नसराईचे दिवस, दोन मंगल कार्यालयांनी चाळीस लिटरची मागणी नोंदवलेली. ॲसिड स्लरी, कॉस्टिक, धुण्याचा सोडा, रंग, वास, सगळं आणलं. पावडरीचं सोडियम सिलिकेट उरलेलं होतं. ते तुम्ही पाहिलं असेल, मधासारखं दाट आणि काचेसारखं आरपार दिसतं. चिकटा लवकर निघेल म्हणून तेही टाकलं. पाणी पातळ वाटलं म्हणून मीठ टाकलं. मग गटातल्या एका ताईने थोडं हातावर घेऊन पाहिलं. हात चुरचुरले. तिने आपल्या अकलेने विचार केला, खार जास्त झाला आहे, आंबट टाकलं की उतरेल. लिंबूसत्त्व पाण्यात विरघळवून तिने ड्रममध्ये ओतलं, काठीने ढवळलं आणि सगळ्या घरी गेल्या.

सकाळी झाकण उघडलं तर काठी सरळ उभी. ड्रम आडवा केला तरी साबण बाहेर येईना. हाताने तोडावा तर खरवसासारखे तुकडे पडत होते. "हे काय झालं वं माय," एवढंच कोणीतरी बोललं, आणि मग भांडण सुरू झालं.

दोन हजार तीनशे रुपयांचा माल होता, गटाच्या अंतर्गत बचतीतून घेतलेला. ज्या ताईने लिंबूसत्त्व टाकलं तिनेच भरपाई करावी, असं चारजणींचं म्हणणं. तिची पुढच्या महिन्यात कर्जाची पाळी होती, मुलीच्या कॉलेजच्या प्रवेशासाठी. पैसे भरेपर्यंत ती पाळी थांबवा, असंही एकीने सुचवलं. "मी काहून भरू? मी काय मुद्दाम केलं?" असं म्हणून ती उठून गेली आणि पुढच्या दोन बैठकांना आलीच नाही. दहा जणींच्या गटात एक खुर्ची रिकामी राहिली की काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको.

आम्ही त्या थिजलेल्या साबणाचा एक गोळा स्टीलच्या डब्यात घातला आणि वर्ध्याला एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या मॅडमकडे गेलो. आम्ही बी.ए. झालेल्या, रसायनशास्त्राशी आमचा संबंध दहावीला सुटलेला. पण मॅडमनी जे सांगितलं ते आम्हाला कळलं, कारण त्यांनी सुरुवात दह्यापासून केली.

दूध पातळ असतं. गाईच्या दुधात शंभर भागांत सत्याऐंशी भाग पाणीच. दही लागलं की ते घट्ट होतं, पण पाणी तर कुठे गेलेलं नसतं. दुधात केसीन नावाच्या प्रथिनाचे बारीक कण तरंगत असतात. किती बारीक? एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले की एका भागाला नॅनोमीटर म्हणतात. आपला केस साधारण ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो. केसीनचा कण असतो शंभर-दोनशे नॅनोमीटरचा. या कणांवर सारख्या जातीचा विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर ढकलतात आणि दूध पातळ राहतं. विरजणातले जिवाणू आम्ल तयार करतात. आम्लाने तो भार उतरतो, ढकलाढकली संपते, कण एकमेकांना चिकटतात. एकाला दुसरा, दुसऱ्याला तिसरा, अशा माळा होतात, माळांची जाळी होते, आणि त्या जाळीच्या घरांत सगळं पाणी अडकून बसतं.

अशा पदार्थाला जेल म्हणतात. जेल म्हटलं की आपल्याला तुरुंग आठवतो. इथे तो अर्थही चालतो, पाण्याचा तुरुंगच आहे तो. कैदी खूप आणि भिंती अगदी थोड्या. आपल्या गवळाऊ गाईच्या दुधाचं दही वाडग्यात कवडीसारखं लागतं तेव्हा आपण नॅनोकणांची जेल करत असतो, इतकंच की आपल्या आजीने त्याला ते नाव दिलं नव्हतं. विरजणाचं प्रमाण, दुधाची ऊब, भांडं न हलवणं, हे सगळे त्या जाळीचेच नियम आहेत. दही लागताना भांडं हलवलं की पाणी सुटतं, कारण अर्धवट विणलेली जाळी तुटते.

आता आपला ड्रम. सोडियम सिलिकेट म्हणजे वाळूतली सिलिका सोड्याबरोबर वितळवून पाण्यात विरघळवलेली. म्हणूनच त्याला वॉटर ग्लास, पाण्यातली काच, असं नाव आहे. जोवर पाणी खारट-तुरट, म्हणजे चांगलं अल्कधर्मी असतं, तोवर सिलिका निमूट विरघळलेली राहते. आंबट टाकलं की तिला विरघळून राहणं जमत नाही. तिचे रेणू एकत्र येऊन काही नॅनोमीटरचे गोळे बनतात. हे झालं लिंबूसत्त्वाचं काम.

पण एवढ्यावर गोळे लगेच चिकटत नाहीत. पाणी थोडं अल्कधर्मी असेल तर त्यांच्यावर अजून भार असतो, ते एकमेकांना ढकलत राहतात आणि पातळपणा बराच काळ टिकू शकतो. ती ढकलाढकली मोडायला आणखी एक गोष्ट पुरते. मॅडमनी विचारलं, "त्यात मीठ होतं का?"

मीठ होतं. मिठाचे भारित कण त्या गोळ्यांभोवती गर्दी करतात आणि त्यांचा आपसातला दुरावा झाकून टाकतात. मग गोळे जवळ येतात, जुळतात, आणि माळा विणल्या जातात. ड्रम एका रात्रीत थिजायला लिंबूसत्त्व आणि मीठ या दोघांचा हात होता.

आणि मैत्रिणींनो, मीठ आम्ही टाकलं होतं. गटातल्या बायकांनी नाही, आम्ही समन्वयकांनी. त्या दिवशी आम्ही भेट द्यायला गेलो होतो, साबण पातळ दिसला, म्हणून "अजून एक पुडा टाका" असं म्हणून स्वतःच्या हाताने ओतलं होतं. मोजलं नव्हतं, वहीत लिहिलं नव्हतं. सिलिकेटही लिक्विडच्या कृतीत नव्हतंच, ते उरलं म्हणून गेलं, आणि त्यालाही आम्ही मान हलवली होती. मॅडमच्या टेबलासमोर बसून आम्ही एकमेकींकडे पाहिलं.

त्या बैठकीचं पुढे सांगतो. आधी त्या गोळ्याचं काय झालं ते ऐका, कारण खरी गंमत तिथून सुरू होते.

मॅडमनी सांगितलं म्हणून आम्ही एक तुकडा ताटलीत घालून गच्चीवर ठेवला. वैशाखातलं वर्ध्याचं ऊन, पाच-सहा दिवस. मुठीएवढा तुकडा आक्रसत आक्रसत बोराएवढ्या खड्यांचा ढीग झाला. अंगावर भेगा, अगदी मे महिन्यात आपल्या काळ्या जमिनीला पडतात तशा. कारणही तेच आहे. पाणी उडून जाताना ते भिंतींना धरून आत ओढतं. ओली साडी अंगाला कशी चिकटते? तसं ओल्या जाळीच्या भिंती एकमेकींना चिकटतात आणि कायमच्या चिकटतात. नव्या चपलेच्या खोक्यात किंवा औषधाच्या बाटलीत छोटी पुडी येते ना, "खाऊ नका" असं लिहिलेली, त्यात हेच असतं, सिलिका जेल. सिलिकेटमध्ये आम्ल घालून जेल करायची, धुवायची, वाळवायची. आक्रसूनही तिच्यात इतकी बारीक भोकं उरतात की ती हवेतला ओलावा शोषून घेते. आमच्या खड्यांत मात्र साबण, रंग, सोडा सगळं होतं, त्यामुळे ते धान्याच्या डब्यात घालायचा मोह आम्ही टाळला.

आता प्रश्न असा की पाणी काढायचं, पण जाळी जशीच्या तशी उभी ठेवायची, हे जमेल का? कैदी सगळे सोडायचे आणि तुरुंगाची एक वीटही पडू द्यायची नाही. हे पहिल्यांदा जमवलं अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात सॅम्युएल किस्लर या रसायनशास्त्रज्ञाने, १९३१ साली. त्याची युक्ती अशी. द्रव सुकताना ओढतो, कारण द्रव आणि वाफ यांच्यामध्ये एक पृष्ठभाग असतो, ताणलेल्या पापुद्र्यासारखा. तो पापुद्राच होऊ द्यायचा नाही. भांडं घट्ट बंद करून इतकं तापवायचं आणि दाब इतका वाढवायचा की द्रव आणि वाफ हा भेदच मिटतो. मग हळूहळू ते बाहेर सोडायचं. ओढणारं कोणी नाही, म्हणून भिंती जागच्या जागी. पाण्याने हे साधेना, इतक्या तापलेल्या पाण्यात सिलिकाच विरघळून जायची. म्हणून त्याने आधी जेलमधलं पाणी काढून त्या जागी अल्कोहोल भरलं. सिलिकाच नाही, तर जिलेटिनची आणि अंड्याच्या पांढऱ्याचीसुद्धा त्याने अशी कोरडी जेल केली. नाव दिलं एअरोजेल, म्हणजे पाण्याच्या जागी हवा असलेली जेल.

हे घरी करायचा विचारही मनात आणू नका. आपल्या कुकरमध्ये बाहेरच्या हवेच्या जेमतेम दुप्पट दाब असतो, तरी शिट्टी अडकली की आपण पळतो. मेथॅनॉल वापरलं तर दोनशे चाळीस अंश उष्णता आणि ऐंशीपट दाब लागतो. १९८४ साली स्वीडनमध्ये अशाच एका कारखान्यात मेथॅनॉल गळून स्फोट झाला आणि इमारत उद्ध्वस्त झाली. पुढे लोक कार्बन डायऑक्साइड वापरू लागले. त्याला एकतीस अंश पुरतात, दाब मात्र त्यालाही सत्तरपटीच्या वर लागतो.

एअरोजेल दिसतं कसं? थोडं निळसर, धुरासारखं, आरपार. त्यात नव्वद-पंचाण्णव टक्के, कधी त्याहून जास्त, नुसती हवा. पंधरा लिटरची बादली भरून घेतलं तर वजन साधारण दीड किलो. आणि आतल्या भिंती सगळ्या उलगडून पसरल्या तर? एका ग्रॅमचा पसारा आठशे-हजार चौरस मीटर भरतो. एक एकर म्हणजे चार हजार चौरस मीटरच्या थोडं वर. म्हणजे पाच-सहा ग्रॅम, चमचाभर वजनात एक एकर रान. हे आम्ही गटात सांगितलं तेव्हा एक आजी म्हणाली, "त्याचा सातबारा कोणाच्या नावानं आहे?"

यासाठी अमेरिकेपर्यंत जायला नको. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात, भौतिकशास्त्र विभागात, या कामाची एक प्रयोगशाळा उभी राहिली. नावच एअर ग्लास लॅबोरेटरी, हवेच्या काचेची प्रयोगशाळा. प्रा. ए. वेंकटेश्वर राव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी तिथे वर्षानुवर्षं सिलिका एअरोजेलवर काम केलं. साधं सिलिका एअरोजेल दोन बाबतींत नाजूक असतं. एक, ते ठिसूळ, बोटाने दाबलं की चुरा. दुसरं, हवेतला ओलावा पितं आणि बसतं. कोल्हापूरच्या मंडळींनी सिलिकाच्या कणांवर मिथाइल नावाचे छोटे गट बसवले, जे पाण्याला जवळ येऊ देत नाहीत. त्यातून पाण्याला झिडकारणारं एअरोजेल झालं. अळूच्या पानावर पाण्याचा थेंब कसा मोत्यासारखा पळतो, तसा. एका विशिष्ट कच्च्या मालापासून त्यांनी वाकणारं, लवचीक एअरोजेलही केलं, ते २००६ साली प्रसिद्ध झालं. पाणी नको म्हणणारा हा स्पंज तेल आणि पेट्रोलसारखे द्रव मात्र स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पितो, हेही त्यांनी मोजून दाखवलं. आणि आम्हाला सर्वांत जवळचं वाटलं ते हे, की महागड्या रसायनाऐवजी साध्या सोडियम सिलिकेटपासून, त्या मोठ्या दाबाच्या भांड्याशिवाय, नेहमीच्या हवेत वाळवूनही एअरोजेल करण्याचं काम तिथे झालं. भिंतींवर ते मिथाइल गट बसवले की वाळताना भिंती जवळ आल्या तरी चिकटत नाहीत, परत उघडतात. आमच्या ड्रममध्ये जे पडलं होतं, तेच सिलिकेट. फरक इतकाच की त्यांनी मोजून टाकलं.

याचा उपयोग काय, हा प्रश्न गटात पहिला येतो आणि तो बरोबरच आहे. पहिला उपयोग उष्णता अडवायचा. उष्णता हवेतून जाते ती हवेच्या रेणूंच्या धक्क्याधक्क्याने. एक रेणू साधारण सत्तर नॅनोमीटर गेला की दुसऱ्याला धडकतो आणि आपली ऊब त्याला देतो. एअरोजेलमधली घरं बहुतेक त्याहून लहान. रेणू शेजाऱ्याला धडकण्याआधी भिंतीलाच धडकतो. त्यामुळे आतली हवा मोकळ्या हवेपेक्षाही कमी उष्णता नेते. कारखान्यांच्या गरम नळ्यांना याच्या गोधड्या गुंडाळतात. अमेरिकेच्या नासाने १९९९ साली स्टारडस्ट नावाचं यान सोडलं, त्यात एअरोजेलच्या वड्या होत्या. सेकंदाला सहा किलोमीटर वेगाने येणारी धूमकेतूची धूळ त्या वड्यांत रुतून बसली आणि २००६ साली पृथ्वीवर परत आली. दगडावर आपटली असती तर धुळीचा मागमूस उरला नसता.

दुसरा उपयोग नवा आहे, आणि मॅडमचे डोळे तिथे चमकले. जाळी सिलिकाचीच का विणायची? कण आधी हवे तसे बनवायचे, सोन्याचे, प्लॅटिनमचे, प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या पदार्थांचे, आणि मग दह्यासारखे त्यांना जुळवायचे. अमेरिकेत डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठात स्टेफनी ब्रॉक यांच्या गटाने २००५ मध्ये कॅडमियम सल्फाइडसारख्या अर्धवाहक पदार्थांची एअरोजेल केली. जर्मनीत ड्रेस्डेनला नादिया बिगाल आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये सोनं, चांदी, प्लॅटिनम यांच्या कणांची केली. सोन्याचा दागिना नाही, सोन्याचा स्पंज. प्लॅटिनमसारखा महाग धातू रासायनिक क्रिया घडवून आणायला लागतो, पण ती क्रिया फक्त पृष्ठभागावर होते. मग ठोकळा कशाला हवा? जाळी केली तर थोड्या धातूत पृष्ठभाग खूप मिळतो. कणाचा गुण कायम ठेवायचा आणि हातात धरता येईल एवढा तुकडा करायचा, ही या सगळ्या कामामागची धडपड. कण फार सैल जुळले तर तुकडा कोसळतो. फार घट्ट जुळले तर ते वितळून एक होतात आणि बारीकपणाचा फायदाच जातो. विणकाम करणाऱ्या बाईला हे वेगळं सांगावं लागत नाही.

आता जमिनीवर येऊ. वर्ध्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, टिनाच्या छपराखाली दुपारी बसवत नाही. एअरोजेल छपराला लावता येईल का, असं एकीने विचारलं. आमचं स्पष्ट मत, आज नाही. ते फार महाग आहे. आज छपरावर चुना मारा, ऊन परत फेकलं जातं आणि खर्चही कमी.

पण एक गोष्ट मनात धरून ठेवायला हरकत नाही. आपल्या शेजारी भंडारा-गोंदियाला भाताच्या गिरण्या आहेत. शंभर किलो धान भरडलं की वीसेक किलो कोंडा, म्हणजे टरफल, निघतं. ते जाळलं की चारेक किलो राख, आणि त्या राखेत जवळजवळ नव्वद टक्के सिलिका. या राखेपासून सोडियम सिलिकेट करता येतं, आणि त्यापासून एअरोजेल. मलेशियात हलिमातोन हमदान या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी भाताच्या टरफलापासूनच एअरोजेल करून दाखवलं. फक्त एक जपायचं, ही राख फार तापली की तिच्यातली सिलिका स्फटिकरूप होते, आणि तिची धूळ फुफ्फुसाला घातक असते. राखेचं काम तोंडाला फडकं बांधून करायचं नसतं, ते जाणकारांच्या हाताखालीच शिकायचं. वर्ध्यात मगनवाडीला महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे, तिथे अशा छोट्या उद्योगांचं शिक्षण मिळतं. साबणाची कृतीसुद्धा तिथल्यासारख्या ठिकाणी विचारूनच करावी, हे आम्हाला दोन हजार तीनशे रुपयांनंतर कळलं.

तर ती बैठक. डबा मधोमध ठेवला, ताटलीतले खडे शेजारी ठेवले. दह्यापासून सुरू करून मिठापर्यंत सगळं सांगितलं, जसं आज तुम्हाला सांगितलं. मीठ आमच्या हातचं होतं हेही सांगितलं. थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग जिने कर्जाची पाळी थांबवायला सुचवलं होतं, तीच म्हणाली, "आंबट टाकू दे म्हणून मीबी हो म्हटलं होतं." नुकसानीतले आठशे रुपये आम्ही समन्वयकांनी भरायचं ठरलं, उरलेले गटाच्या नफ्यातून. मंगल कार्यालयाला नवा माल तेरा दिवस उशिरा गेला, एका कार्यालयाने तोवर दुसरीकडून घेतला होता.

त्या ताईच्या घरी आम्ही तिघी संध्याकाळी गेलो. ती विरजण लावत होती. तिला सगळं सांगितल्यावर तिने आधी भांडं झाकलं, कपड्याने गुंडाळलं, कोपऱ्यात ठेवलं आणि मग विचारलं, "म्हणजे माझं चुकलं नव्हतं?" आम्ही म्हटलं, थोडं तुझं, थोडं आमचं. पुढच्या बैठकीला ती आली. मुलीच्या प्रवेशाचं कर्ज ठरल्या तारखेला दिलं. लिक्विडच्या कृतीचा कागद आता कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे, प्रत्येक वजनापुढे टाकणारीची सही. सिलिकेट फक्त पावडरीत.

पुढच्या भागात पावसाळ्यात हळद-मिरची कशी टिकवायची त्यावर बोलू. तुमच्या गटात असं काही थिजलं, फाटलं, करपलं असेल तर आमच्या केंद्रावर पत्राने किंवा प्रत्यक्ष येऊन सांगा.